बुचाची किल्ली

सिग्नेच्या गाडीत मागच्या सीटला पट्ट्याने आवळून अर्धा केक बसला होता. अर्धा म्हणजे वाटेत कुणी खाल्लेला नव्हे. तो जन्मतःच अर्धा होता, आणि त्याच्यामागे आठ वर्षांचं भांडण होतं.

त्या भागात लग्न असो, बारसं असो, की पोराचं चर्चमधलं दृढीकरण असो, टेबलाच्या मधोमध बदामाच्या कड्यांचा मनोरा लागतोच. अठरा कडी. तळाचं ताटाएवढं, शेंड्याचं अंगठीपेक्षा जरासं मोठं. ती एकावर एक रचायची, साखरेच्या पांढऱ्या पाकाने चिकटवायची आणि बाजूने कागदी झेंडे टोचायचे. सिग्नेच्या मनोऱ्यात मात्र खालची नऊच कडी असत. वर सपाट मैदान. त्या मैदानावर ती इतके झेंडे खोचायची की केक राहिला बाजूला, लोकांना वाटावं बंदरात होड्यांची शर्यत भरली आहे.

कारण होतं आईचे साचे. पत्र्याचे सहा साचे, एकेका साच्यात तीन कडी. आई गेली, घर विकलं, चमचे मोजून वाटले, होडीचासुद्धा निकाल लागला, आणि सगळं सुरळीत पार पडतंय असं वाटत असताना घोडं अडलं ते या साच्यांवर. वाटण्या उरकत आल्या आणि कॉफी चालली होती. चार पाहुण्यांच्या देखत सिग्ने आपल्या थोरल्या भावाला म्हणाली, "हाल्वोर, तू जन्मात अंडं फोडलेलं नाहीस. तुला साचे कशाला हवेत? त्यात खेकडे धरणार आहेस?" पाहुणे हसले. हाल्वोरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "समान म्हणजे समान," एवढंच म्हणून त्याने वरच्या कड्यांचे तीन छोटे साचे काखोटीला मारले आणि तो चालता झाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दोघं राहायची फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीच्या, एकाच काठावर, एकाच दुकानात बटाटे घ्यायची. पण एक बटाट्यांपाशी दिसलं की दुसरं साबणांकडे वळायचं.

आता साच्यांचा नवा संच दुकानात मिळतो, आणि काही फार महागही नसतो. सिग्नेच्या मुलीने, आस्त्रीने, एका नाताळला तो आईला भेटही दिला होता. सिग्नेने खोका न उघडता माळ्यावर टाकला. "माझ्या वाटणीला अर्धा आला, मी अर्धाच भाजणार," असं तिचं म्हणणं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभाला अजून आचसुद्धा लागली नव्हती.

पण महिन्याभरापूर्वी नातीचा फोन आला. इल्वा, आस्त्रीची मुलगी, पंधराची. "आजी, माझ्या दृढीकरणाला मनोरा आणणार असलीस तर पुरता आण. पणजीच्या फोटोत आहे तसा. अर्धा आणायचा असला तर आणूच नकोस."

सिग्ने माळ्यावर चढली. तिने खोका खाली आणला, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, त्याच्याकडे पाहत दोन कप कॉफी प्यायली आणि खोका परत माळ्यावर ठेवून आली. आणि आता पोरीचा मोठा दिवस उजाडला होता, अन् ती अर्धा केक घेऊन पलीकडच्या काठाला निघाली होती. इल्वाच्या तोंडाकडे कसं पाहायचं हे तिला काही केल्या सुचत नव्हतं. म्हणून तिने ठरवलं होतं की केक टेबलावर ठेवायचा आणि लगेच कॉफीच्या मदतीला जायचं.

गरजेपेक्षा दोन फेऱ्या आधीची फेरीबोट तिने गाठली. रांगेत पहिली लागली, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि वरच्या मजल्यावर नाश्त्याला गेली. गाडी नवी होती, विजेवरची, राखाडी. तिच्यापासून चार पावलं लांब गेलं की ती स्वतःच कुलूप लावून घ्यायची, जवळ आलं की स्वतःच उघडायची. किल्ली खिशातून काढायचंही काम नव्हतं. तरी सिग्नेच्या किल्लीला लिंबाएवढं तपकिरी बूच बांधलेलं होतं. तिचे वडील मच्छीमार. त्यांचा नियम असा, की पाण्यावरून जाणारी किल्ली बुचाला बांधलेली हवी. पडली तरी तरंगते. ते गेले तेव्हा त्यांच्या जुन्या जाळ्याची बुचं पोरांनी वाटून घेतली होती. तेव्हा भांडण झालं नव्हतं, कारण बुचं पोतंभर होती. गाडी विकणारा ते बूच पाहून हसला होता. सिग्नेने त्याला विचारलं होतं, "तुमची किल्ली पोहते का?"

वर स्वेल्यांचा वास सुटला होता. जाड, गोडसर, लोणी आणि तपकिरी चीज घालून दुमडलेली ती धिरडी खाल्ल्याशिवाय बोटीने पलीकडे गेल्यासारखं वाटतच नाही. सिग्नेने आज बुनाद घातला होता, भरतकामाचा सणाचा पोशाख, छातीवर आईकडच्या चांदीच्या पदकांची झालर. तिने एक स्वेले सांगितलं आणि कमरेच्या बटव्यातून पैशांचं कार्ड शोधायला आधी किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं.

ते खाकरणं तिने झोपेतही ओळखलं असतं. हाल्वोर होता. काळा सूट, पांढरा सदरा, दाढी नीट कातरलेली. म्हणजे यालाही बोलावणं होतं. आस्त्री तसं म्हणाली होती खरी, "आई, हाल्वोरमामाही येणार आहे. नीट वागायचं." आणि पुढे मामाने नवी गाडी घेतल्याचं काहीतरी सांगू लागली तेव्हा सिग्नेने पाण्याचा नळ मोठा सोडला होता.

आता सिग्नेने भिंतीवरची जीवरक्षक जाकिटांची सूचना वाचायला घेतली. ती इतक्या तन्मयतेने वाचली की जाकीट घालावं कसं हे ती आजही तोंडपाठ सांगेल. हाल्वोरने छताच्या दिव्याचा अभ्यास केला. त्यानेही खिशातलं सामान काउंटरवर काढलं, कार्ड टेकवलं, स्वेले घेतलं. दोघांनीही एकमेकांकडे न पाहता हात पुढे केले, हाताला लागेल ते बूच उचललं आणि एक डाव्या खिडकीपाशी, दुसरं उजव्या खिडकीपाशी जाऊन बसलं. काउंटरवरच्या बाईने दोघांकडे पाहिलं आणि उलथनं पुसलं.

ध्वनिक्षेपकावर, "चालकांनी आपापल्या गाड्यांकडे जावं," अशी घोषणा झाली. सिग्ने पुढच्या जिन्याने उतरली. हाल्वोर मागच्याने. उशिरा येऊन त्याला शेवटची जागा मिळाली होती, आणि ती बहिणीपासून सर्वांत लांब असल्याने त्याला पसंतही होती.

सिग्ने गाडीजवळ आली. गाडी गप्प. एरवी धन्याला पाहून शेपूट हलवावी तसे आरसे उघडायची, दिवे लुकलुकायचे. आज काही नाही. तिने दाराची मूठ ओढली. तिने बटव्यातून किल्ली काढून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग, माणसं दाबतात तसं, जोर लावून दाबलं. काचेतून अर्धा केक तिच्याकडे पाहत होता.

बोट धक्क्याला लागली, पुढचा दरवाजा उतरला, आणि सिग्नेच्या मागे अख्खी रांग खोळंबली. भोंगा मात्र कुणी वाजवला नाही. तिकडचे लोक भोंगा वाजवण्यापेक्षा गाडीत बसून म्हातारे होतील. ते समोरच्या डोंगराकडे पाहत राहिले, जणू आजच पाहिला.

शेवटी मागच्या गाडीतला माणूस उतरला. तो बँडवाला होता, गणवेशात, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर भला मोठा पितळी कर्णा, ट्यूबा, बसला होता.

"किल्ली हनुवटीला लावा," तो म्हणाला.

"काय?"

"हनुवटीला लावायची आणि तोंड उघडायचं. डोक्यातलं पाणी अँटेनासारखं काम करतं. माझा मेहुणा असंच करतो."

"तुमच्या मेहुण्याच्या डोक्यात पाणी असेल," सिग्ने म्हणाली. पण केक आत होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, किल्ली हनुवटीला लावली आणि आ वासला. बूच गळ्याशी लोंबत होतं. गाडी ढिम्म.

"चांदी!" बँडवाल्याने बोट रोखलं. "तुमच्या छातीवर अर्धा किलो धातू आहे. लहरी अडणारच."

मग सिग्नेने एकेक पदक उतरवलं आणि त्याच्या ओंजळीत दिलं. तिने पुन्हा आ वासला. बँडवाला ओंजळभर चांदी घेऊन उभा, आणि ही तोंड उघडून. मागच्या गाड्यांतल्या लोकांना आता डोंगराकडे पाहत राहणं जड जाऊ लागलं.

तेवढ्यात नारिंगी जाकिटातली तूरिद आली. डेकचा सगळा कारभार तिच्याकडे. ती आस्त्रीची शाळेतली मैत्रीण. सिग्नेच्या स्वयंपाकघरात तिने पोत्याने वॅफल खाल्ले होते.

"काय झालं, सिग्नेमावशी? दात दुखतोय?"

"गाडी उघडत नाही."

"आतली लोखंडी किल्ली वापरली?"

रिमोटच्या पोटात एक पातळ किल्ली दडलेली असते, हे सिग्नेला ठाऊक नव्हतं. तूरिदने ती काढून दाराच्या मुठीखालच्या भोकात घातली. गेली अर्धी, फिरली नाही. "गंज," तूरिद म्हणाली. "खारं वारं." मग तिने मागच्या गाड्या हातवारे करून बाजूच्या रांगांतून बाहेर काढल्या. बँडवाल्याने चांदी परत केली, "मेहुण्याचं चालतं बुवा," म्हणून खांदे उडवले आणि तो गेला.

डेक रिकामा झाला. सगळा लांबलचक हिरवा पत्रा मोकळा पडला. पुढच्या टोकाला सिग्नेची राखाडी गाडी, आणि पार मागच्या टोकाला आणखी एक राखाडी गाडी. तिच्याशेजारी काळ्या सुटातला एक माणूस हनुवटीला काहीतरी लावून उभा होता.

"आज काय साथ आलीय की काय?" तूरिद म्हणाली. "मागेही एकाची उघडत नाही. रडारचा परिणाम असेल. कप्तानाला विचारते."

सिग्नेने मागे पाहिलं आणि लगेच पुढे पाहिलं. ती मनात म्हणाली, बरं झालं. मग तिला वाटलं, असं म्हणू नये, आज दृढीकरण आहे. मग ती पुन्हा मनात म्हणाली, पण बरं झालं.

कप्तानाने रडार बंद करायला नकार दिला. गाड्या जागच्या हलत नव्हत्या आणि बोटीला वेळापत्रक होतं. या काठावरच्या गाड्या दोन्ही राखाडी गाड्यांना वळसे घालून आत शिरल्या, दरवाजा उचलला गेला, आणि सिग्ने, तिचा अर्धा केक आणि चर्चचा रस्ता यांच्यामध्ये पाणी वाढू लागलं. बोट उलट घरच्या काठाला निघाली.

अर्ध्या पाण्यात तूरिद हातात नाण्यासारखी बॅटरी घेऊन आली. "ऑफिसातल्या घड्याळातली काढलीय. आता बघू. आण ती किल्ली." तिने झाकण उघडायला घेतलं, पण बुचाची दोरी झाकणावरून आडवी गेली होती. तिने ती नखाने सैल करून पाहिली, मग दाताने. "कुणी बांधलीय ही? खास कोळ्याच्या हातची दिसतेय. ओढावी तेवढी घट्ट होतेय."

सिग्नेने गाठीकडे पाहिलं.

दुहेरी फास, दोन पीळ, शेवट आत दडवलेला. तिच्या वडिलांची गाठ. ती गाठ सिग्नेला कधी जमली नाही. ती नुसती गाठीवर गाठ मारायची आणि खात्री म्हणून वर आणखी एक. वडील म्हणायचे, सिग्नेची गाठ म्हणजे उंदराचं घरटं. त्यांची गाठ शिकला होता तो हाल्वोर.

तिला सगळं उमगलं. काउंटर, दोन बुचं, जाकिटांची सूचना. तिला मागच्या टोकाची राखाडी गाडीही नव्याने दिसली. म्हणजे या माणसाने गाडीही माझीच घेतली! की मी त्याची घेतली?

आता एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? सरळ डेकभर चालत जावं, किल्ली द्यावी, किल्ली घ्यावी. पाच मिनिटांचं काम. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं, आणि हनुवटीला किल्ली लावून उघडायचं ते तोंड वेगळं. आधी मी बोलू? सिग्ने मनात म्हणाली. साचे त्याने नेले.

"काय झालं मावशी? काही आठवलं?"

"नाही," सिग्ने म्हणाली. "खारं पाणीच असेल."

तूरिदने शेवटी झाकण उघडलं, बॅटरी बदलली. सिग्नेने ताकास तूर लागू न देता बटण दाबलं, गाडीला दटावलं, किल्ली दाराच्या खांबाला चिकटवून धरली, आरशाला धरली, चाकालाही धरली. आपल्याला हे सगळं कळत असताना आपण हे करतो आहोत, याची तिला लाज वाटत होती. पण तोंड उघडण्याच्या लाजेपेक्षा ती कमी होती.

तूरिद मागच्या टोकाला जाऊन आली. "त्या आजोबांचीही बॅटरी बदलायची होती, पण त्यांची दोरी सुटता सुटेना. आणि ती गाठ! नुसतं उंदराचं घरटं. ते बघतच राहिले तिच्याकडे. मी विचारलं, काही आठवलं का? तर म्हणाले, नाही, खारं पाणीच असेल."

सिग्नेने चाकाला लावलेली किल्ली खाली घेतली. म्हणजे त्यालाही कळलं होतं. आणि तोही मूग गिळून बसला होता. तिला राग आला, आणि त्या रागात कुठेतरी जुनी ओळख पटल्यासारखंही वाटलं. हा हट्ट तिच्या घरचा होता.

बोट घरच्या काठाला लागली. गाड्या उतरून गेल्या. धक्क्यावर पिवळा दिवा फिरवत एक गाडी उभी होती, मागे आकडा आणि साखळी. ध्वनिक्षेपकावर कप्तानाचा कंटाळलेला आवाज आला, "डेकवरच्या दोन राखाडी गाड्या इथे ओढून काढण्यात येतील. गॅरेज सोमवारी उघडेल."

सोमवारी. आणि केक आत. तोच सिग्नेचा फोन वाजला. आस्त्री.

"आई, कुठे पोचलीस? सगळे चर्चला निघतायत. मी फक्त टेबल लावून घेते. मनोऱ्याला मध्ये जागा ठेवलीय." मग आस्त्रीने आवाज खाली आणला. "एक विचारायचं होतं. वरचा दिवा आहे ना, तो खाली लोंबतोय. इल्वा म्हणते, वर ओढून बांध, नाहीतर मनोरा टेकेल त्याला. मी तिला काही बोलले नाही. दिवा वर ओढू का, आई? की राहू दे?"

पोरगी अजून आशेवर होती. जिने सांगितलं होतं की अर्धा आणायचा तर आणूच नकोस, ती दिवा वर ओढायला सांगत होती. 

"थांब जरा," ती म्हणाली. "करते मी फोन."

तिने बटवा कमरेला नीट केला, किल्ली मुठीत घट्ट धरली आणि ती डेकवरून चालू लागली. मान ताठ, चांदी किणकिणत होती. थोडं चालल्यावर तिच्या लक्षात आलं की समोरूनही कुणीतरी चालत येतंय. तोही मान ताठ ठेवून. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती. ती त्याच्या उजव्या कानाकडे पाहत होती, तो तिच्या डोक्यावरच्या समुद्रपक्ष्याकडे. डेकच्या मधोमध दोघं थांबली. साखळी घेऊन आलेला माणूसही थांबला, कारण तूरिदने त्याची बाही धरली.

हाल्वोरने मूठ उघडली. तिचं बूच.

"तुझी गाठ अजून तशीच," तो म्हणाला.

आठ वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. सिग्नेला हसू आलं आणि तिने ते दाबलं.

"तुझी सोडवताना तूरिदचा दात पडायचा तेवढा राहिला. आणि ही राखाडी गाडी कशाला घेतलीस? दुसरा रंग नव्हता?"

"मी तुझ्या आधी घेतलीय."

"किती आधी?"

"एक आठवडा."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"आस्त्री म्हणाली, तू नळ सोडलास."

 किल्ली द्यायला सिग्नेने हात पुढे केला, आणि द्यायच्या आधी, नुसती खात्री करायला, बटण दाबलं. त्या टोकाच्या गाडीचे दिवे लखलखले, आरसे उघडले, आणि मागचं झाकण हळूहळू वर गेलं, कारण बुचाआड तिचा अंगठा भलत्याच बटणावर पडला होता. हाल्वोर चटकन वळला. "अगं, ते बंद कर!" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा घाईचा होता की सिग्ने त्याला ओलांडून पुढे गेली.

मागे एक बटाट्याची पेटी होती. त्यात इस्त्री केलेला रुमाल अंथरला होता आणि रुमालावर बदामाची नऊ छोटी कडी मांडली होती, मोठ्यापासून लहानापर्यंत. तीन करपलेली. दोन अंड्यासारखी लांबट झालेली. शेंड्याचं कडं कुठेतरी तुटलं असणार, ते साखरेने सांधलं होतं; इतकी साखर की तो सांधा म्हणजे गालगुंड झाल्यासारखा दिसत होता.

सिग्ने पाहत राहिली.

"पोरीचा फोन आला होता," हाल्वोर तिच्या पाठीमागून म्हणाला. "म्हणाली, अर्धा मनोरा आजीकडे आहे. तुला यायचं असेल तर उरलेला घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस."

"आणि तू भाजलास?"

"पहिला घाणा समुद्रपक्ष्यांना घातला. त्यांनीही थोडा ठेवला. हा चौथा. अंडी मीच फोडली."

सिग्नेने एक कडं बोटांनी उचललं. करपलं होतं, जड होतं, आणि हातात धरल्यावर आईच्या स्वयंपाकघराचा वास आला. तिला वाटलं, काहीतरी लागट बोलावं, म्हणजे रडू आवरेल.

"आतून कच्चंय," ती म्हणाली, आणि मग रडलीच.

"हो का?" हाल्वोर घाबरून म्हणाला. "मला वाटलंच."

तूरिदने साखळीवाल्याला परत पाठवलं आणि वर कप्तानाला काय सांगितलं कोण जाणे, पण ध्वनिक्षेपकावर कुणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला. नव्या गाड्या आत आल्या. बोट तिसऱ्यांदा त्याच पाण्यात निघाली, आणि या वेळी दोघं एकाच खिडकीपाशी बसली. मध्ये टेबलावर सिग्नेचा अर्धा मनोरा, झेंडे उपटून काढलेला. हाल्वोरने आपलं सर्वांत मोठं कडं दोन्ही हातांनी, श्वास रोखून, तिच्या नवव्या कड्यावर ठेवलं.

बसलं. नखाएवढाही फरक नाही. साचे एकाच आईचे होते. वरची मात्र जसजशी चढत गेली तसतशी एका बाजूला कलत गेली, आणि शेंड्याचं गालगुंडाचं कडं हाल्वोरकडे झुकून राहिलं.

"वाकडाय," तो म्हणाला.

"तुझ्यावर गेलाय. राहू दे."

काउंटरवरच्या बाईने न मागता दोन स्वेले आणून ठेवली. हाल्वोरने एक संपवलं, ओठ पुसले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "साचे गाडीत आहेत. बरोबर आणलेत. तू घेऊन जा. मला काय करायचेत, खेकडे थोडेच धरायचेत त्यात."

सिग्नेला ते वाक्य लागलं. ते तिचंच होतं, आठ वर्षं त्याने जपून ठेवलेलं. माफ कर म्हणावं असं तिच्या मनात आलं. ते शब्द या घरात फारसे वापरात नव्हते, म्हणून तिने दुसरे शोधले.

"ठेव तुझ्याकडेच," ती म्हणाली. "सगळे साचे मला दिलेस तर पुढच्या वेळी तू कशाला येशील?"

हाल्वोर खाकरला.

गाड्यांकडे जाण्याची घोषणा झाली. टेबलावर दोन बुचं शेजारी शेजारी पडली होती. या वेळी दोघांनी वाकून, नीट पाहून, आपापली गाठ ओळखून किल्ली उचलली. हाल्वोरने कडी मोजून पेटीत भरली. सिग्ने जिना उतरता उतरता आस्त्रीला फोन लावत होती.

"आस्त्री, आम्ही दोघं येतोय, थेट चर्चमध्ये," ती म्हणाली. "आणि ऐक, तो दिवा वर ओढून बांध."